रे नगर ते सोलापूर शहर बससेवा : आखणीच्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

कुंभारी येथील रे नगर वसाहतीतील पहिल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी रोजी झाले. संपूर्ण प्रकल्प ३०,००० घरांचा असून विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे अशा असंघटित क्षेत्रातील कुटुंबांसाठी तो उभा राहत आहे. याच गावाच्या परिसरात २००६ साली विडी कामगार महिलांना मिळालेली १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. म्हणजे शहराच्या मध्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, एक छोटे शहरच वसते आहे. मात्र तेथे राहायला जाणाऱ्यांचे काम, दवाखाना आणि बाजार अजून बहुतांशी सोलापुरातच आहेत.

या वसाहतीपासून शहरापर्यंत नियमित बससेवा कशी सुरू करता येईल, याचा आराखडा तयार करण्यासाठी आमचा छोटा अभ्यासगट आजपासून कामाला लागला. गटात वसाहतीतील काही रहिवासी आहेत, परिवहन सेवेतून निवृत्त झालेले एक वाहतूक निरीक्षक आहेत (त्यांना सगळे काका म्हणतात), स्थापत्य अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आहेत आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. ‘आम्हाला बस द्या’ एवढ्याच मजकुराचे निवेदन देऊन परत यायचे नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरले. निवेदनाला पोच मिळते आणि ते फायलीत जाते. मार्ग, वेळापत्रक, बसची संख्या आणि खर्च मांडलेला आराखडा दिला, तर समोरच्याला निदान आक्षेप तरी घ्यावे लागतात आणि आक्षेपांना उत्तर देता येते.

१६ फेब्रुवारी २०२४

सर्वेक्षण जानेवारीत सुरू करावे, असा विद्यार्थ्यांचा आग्रह होता. काकांनी तो तेव्हाच मोडून काढला होता. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी शहरातले रस्ते बंद होतात, होम मैदानाकडे येणारी गर्दी वेगळीच असते, आणि त्या आठवड्यात मोजलेले आकडे वर्षभराच्या वेळापत्रकाला उपयोगी पडत नाहीत. आता गड्डा (यात्रेनिमित्त भरणारी जत्रा) उठला आहे, शाळा नियमित भरत आहेत, तेव्हा कामाला सुरुवात करता येईल.

प्रश्नावलीवर आज बराच वेळ गेला. ‘आपण बस वापराल का?’ हा प्रश्न आम्ही काढून टाकला, कारण त्याला कोणीही नाही म्हणत नाही आणि त्या होकारावर बसची संख्या ठरवणे धोक्याचे असते. त्याऐवजी काल घरातून कोण, किती वाजता, कोठे आणि कशाने गेले, वाटेत किती ठिकाणी उतरले, परत किती वाजता आले आणि एकूण किती पैसे लागले, असे कालच्या दिवसापुरते विचारायचे आहे. बायकांच्या प्रवासाची नोंद वेगळी ठेवायची, हेही ठरले. पुरुषाचा प्रवास बहुधा घर ते काम आणि काम ते घर असा सरळ असतो. बाई मात्र कारखान्यात माल देते, येताना किराणा घेते, मुलाला दवाखान्यात दाखवते आणि दुपारी घरी परतते. नेहमीच्या सर्वेक्षणात हे सगळे मिळून एक फेरी धरली जाते, आणि मग दुपारी प्रवासी नसतात असा निष्कर्ष काढून दुपारच्या फेऱ्या छाटल्या जातात. प्रश्नावली मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत असेल. कन्नड जाणणारा एक विद्यार्थी गटात असल्याने तीही सोय झाली.

२७ फेब्रुवारी २०२४

वसाहतीत संध्याकाळी बैठक घेतली. विडी कामगार महिला घरी विड्या वळतात, पण पान आणि तंबाखू घेण्यासाठी आणि तयार माल देण्यासाठी त्यांना कारखान्याच्या शाखेत जावे लागते, आणि शाखा प्रामुख्याने शहराच्या पूर्व भागात आहेत. जाताना हातात विड्यांच्या कट्ट्यांनी भरलेली पिशवी, येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. वडापवाला (माणसे भरून चालणाऱ्या खाजगी गाडीचा चालक) पिशवीचे वेगळे पैसे मागतो किंवा माणूस जास्त मिळत असला तर पिशवीवालीला मागे ठेवतो, ही तक्रार अनेकींनी केली. आराखड्यात सामानाच्या नियमाचा वेगळा परिच्छेद घ्यावा लागेल : एका प्रवाशामागे मांडीवर किंवा पायाशी मावेल एवढी पिशवी विनाशुल्क असावी आणि ते वाहकाच्या मर्जीवर राहू नये.

बस दर पंधरा-वीस मिनिटांनी यावी असे मी समजावून सांगत असताना एक वयस्कर अक्का म्हणाल्या, “किती वेळानं येती ते नको ओ साहेब, किती वाजता येती ते सांगा. माल द्यायला उशीर झाला की तिथं आपल्यासाठी कोण थांबत नाही.” विद्यार्थ्यांनी वारंवारितेचा तक्ता मोठ्या मेहनतीने बनवला होता. तो बाजूला ठेवून घड्याळाच्या ठरलेल्या मिनिटाला सुटणाऱ्या बसचे वेळापत्रक मांडायचे, असे परतीच्या वाटेवरच ठरले. मला हा आजवरच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. वडाप स्वस्तात हरवता येत नाही, कारण तो हात केला तिथे थांबतो. पण भरल्याशिवाय तो हलत नाही, आणि बस त्याच्यावर मात करू शकते ती इथेच.

११ मार्च २०२४

मार्गाची चर्चा. नकाशा पाहिला की हात आपोआप सात रस्ता किंवा रेल्वे स्टेशनकडे जातो, कारण शहरातल्या बसमार्गांची आखणी मध्यवर्ती ठिकाणी आणून सोडण्याच्या सवयीतून झालेली असते. आमच्या नोंदींतले लोक तिकडे फारसे जात नाहीत. त्यांना अक्कलकोट रस्त्यावरची औद्योगिक वसाहत, शांती चौक, अशोक चौक, कन्ना चौक आणि त्यांच्या आजूबाजूच्या पेठा लागतात. त्यानंतर क्रम लागतो तो सिव्हिल हॉस्पिटलचा.

दोन पर्याय पुढे आले. पहिल्यात बस अक्कलकोट रस्त्याने सरळ अशोक चौकात येते आणि मोठ्या रस्त्यांनीच पुढे स्टेशनला जाते. दुसऱ्यात ती अशोक चौकातून पूर्व भागात शिरून कन्ना चौकमार्गे सिव्हिलपर्यंत जाते. दुसरा मार्ग लोकांच्या कामाजवळून जातो, पण पेठांमधल्या रस्त्यांवर दुतर्फा गाड्या उभ्या असतात, हातगाड्या असतात, आणि संध्याकाळी एखादा टेम्पो माल उतरवत थांबला की मागे रांग लागते. १२ मीटर लांबीची बस तेथे नेणे म्हणजे वेळापत्रकावर पाणी सोडणे, असे काकांचे स्पष्ट मत पडले. ९ मीटरची मिडी बस मात्र जाऊ शकते. तेव्हा बसची लांबी रस्त्यावरून ठरली आणि रस्ता लोकांच्या कामावरून ठरला. हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. उपलब्ध बस पाहून मार्ग ठरवला, तर ती बस जेथून जाऊ शकते तेथे नेमके प्रवासी नसतात.

उलट दिशेचा विचारही आज पहिल्यांदा झाला. सकाळी वसाहतीतून शहराकडे येणारी बस भरलेली असेल आणि परत जाणारी रिकामी, या भीतीपोटी असे मार्ग नाकारले जातात. येथे तसे होणार नाही, असे मानायला जागा आहे. कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, त्यामुळे सकाळी शहरातून तिकडे जाणारे रुग्ण, विद्यार्थी आणि कर्मचारी आहेत. आणि औद्योगिक वसाहत मार्गाच्या मधोमध असल्याने दोन्ही बाजूंनी येणारे कामगार तेथे उतरतात, म्हणजे एकाच आसनावर एका फेरीत दोन प्रवासी बसू शकतात.

१८ मार्च २०२४

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चपासून लागू झाली आहे. सोलापुरात मतदान ७ मे रोजी आणि निकाल ४ जूनला आहे. तोपर्यंत कोणत्याही कार्यालयाकडून नव्या सेवेबाबत निर्णय अपेक्षित नाही. मोजमापाचे काम चालू राहील.

१२ एप्रिल २०२४

धावण्याच्या वेळा मोजल्या जात आहेत. उन्हाचा कडाका आहे. दुपारी रस्ते मोकळे असतात आणि त्या वेळी मोजलेला वेग फसवा असतो, म्हणून सकाळ, दुपार आणि संध्याकाळ यांचे कागद वेगळे ठेवले आहेत. स्वामी समर्थ प्रकटदिनाच्या दिवशीचे (१० एप्रिल) आकडे वगळले, कारण अक्कलकोटकडे जाणाऱ्या गाड्यांनी त्या दिवशी सगळा रस्ता व्यापलेला होता. गुरुवारचे आकडे मात्र वगळायचे नाहीत. अक्कलकोटची गर्दी दर गुरुवारी असतेच, आणि त्या दिवशी वाटेतल्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला मागून भरून आलेल्या एस.टी.त पाय ठेवायला जागा मिळत नाही. शहर बसची गरज त्याच दिवशी सर्वांत जास्त भासते.

२४ एप्रिल २०२४

वेळापत्रकाचे गणित आज बसले. ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे प्रत्येक कार्यालयात हेच विचारले जाणार आहे.

वसाहतीच्या आतल्या वळशासह एका बाजूचे अंतर १२ किलोमीटर धरले आणि थांब्यांसह सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर धरला, तर एका बाजूला ४० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन ८० मिनिटे, दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटे थांबा, म्हणजे एक पूर्ण चक्र ९० मिनिटांचे. चक्राला दोन बसमधल्या अंतराने भागले की लागणाऱ्या बसची संख्या मिळते : १५ मिनिटांनी बस हवी असेल तर ६, ३० मिनिटांनी हवी असेल तर ३. पाच बस असतील तर दर १८ मिनिटांनी एक बस येते. कागदावर १८ मिनिटे २० पेक्षा चांगली दिसतात, पण ६:००, ६:१८, ६:३६, ६:५४, ७:१२ हे वेळापत्रक कोणाच्याही लक्षात राहणार नाही.

म्हणून चक्र मुद्दाम १०० मिनिटांचे केले. आता पाच बसमध्ये बरोबर २० मिनिटांचे अंतर बसते आणि बस प्रत्येक तासाला ००, २० आणि ४० या मिनिटांना सुटते. टोकांचा थांबा १० वरून २० मिनिटांवर गेला, हे बस उभी ठेवणे नव्हे का, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला. तसे नाही. पेठेत अडकलेली बस १० मिनिटे उशिरा आली तरी पुढची फेरी वेळेवर सुटू शकते, ती या राखीव वेळेमुळेच. शिवाय चालक-वाहकाला चहा, पाणी आणि स्वच्छतागृह यांसाठी माणसासारखा वेळ मिळतो. ज्या वेळापत्रकात हा वेळ नसतो, ते सकाळी नऊपर्यंत पाळले जाते आणि नंतर दिवसभर घसरत जाते.

सेवा सकाळी ५:३० ते रात्री ९:३० अशी सोळा तास धरली आहे. सकाळी ५:३० ते १०:३० आणि दुपारी ४:३० ते रात्री ८:३० या गर्दीच्या नऊ तासांत दर २० मिनिटांनी, म्हणजे एका बाजूने २७ फेऱ्या. उरलेल्या सात तासांत दर ३० मिनिटांनी, म्हणजे १४ फेऱ्या. दुपारी रस्ता मोकळा असल्याने ९० मिनिटांचे चक्र पुरते आणि तीनच बस लागतात. उरलेल्या दोन बस त्या वेळेत चार्जिंगला लावता येतात. एकूण ८२ फेऱ्या आणि दिवसाला ९८४ किलोमीटर, म्हणजे बसमागे सरासरी १९७ किलोमीटर. एप्रिल-मेच्या उन्हात वातानुकूलन सतत चालू राहिले की विजेवरच्या बसचा पल्ला घटतो, त्यामुळे दुपारचे चार्जिंग ही चैन न मानता तिची जागा वेळापत्रकातच धरली आहे. याशिवाय एक बस दुरुस्तीसाठी राखीव, म्हणजे मागणी सहा बसची.

११ जून २०२४

कायद्याची बाजू. अडचण अशी की रे नगर महापालिकेच्या हद्दीत नाही. घरे प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी घटकातून झाली, राहणारी माणसे शहराची, पण घरपट्टी जाते कुंभारी ग्रामपंचायतीकडे. शहराचा कर न भरणाऱ्यांसाठी शहराच्या पैशाने तोट्यातली बस का चालवावी, हा प्रश्न विचारला जाणारच आहे आणि तो गैर नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार टप्पा वाहतुकीचा (वाटेत थांबे घेत प्रवासी नेण्याचा) परवाना आणि मार्ग हे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीचे विषय आहेत, भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे, आणि शहराबाहेरची टप्पा वाहतूक आपल्या राज्यात मुख्यतः एस.टी. महामंडळाची. महापालिकेची बस हद्द ओलांडणार असेल तर या सगळ्यांची संमती एका टेबलावर यावी लागते. हे अशक्य नाही. पुण्यात २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. तिच्या बस दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेरच्या गावांनाही जातात, आणि संचलनातली तूट दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. कोल्हापुरातही केएमटीची बस आसपासच्या गावांत जाते. हद्द ही खरी अडचण नसून तुटीचा वाटा ठरलेला नसणे ही अडचण आहे, असे माझे मत झाले आहे.

आमचा प्रस्ताव असा : हद्दीच्या आतल्या किलोमीटरची तूट महापालिकेने सोसावी आणि हद्दीबाहेरच्या किलोमीटरच्या तुटीसाठी जिल्हा स्तरावरून वेगळी तरतूद मागावी. ग्रामपंचायतीने पैशाऐवजी जागा, दिवाबत्ती आणि टोकाच्या थांब्यावरचे स्वच्छतागृह द्यावे.

२५ जून २०२४

खर्चाचा कागद. बस किती असाव्यात याचा राष्ट्रीय निकष आधी पाहिला. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा पातळीच्या निकषांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर ती पहिली पातळी, आणि ०.२ पेक्षा कमी असतील तर शेवटची. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या हिशेबाने पहिल्या पातळीसाठी सुमारे ५७० आणि शेवटच्या पातळीतून केवळ वर येण्यासाठी १९० बस हव्यात. हे आकडे आराखड्यात घालावेत की नाही यावर मतभेद झाले. मी घालू नयेत असे म्हटले आणि ते मान्य झाले. ५७० हा आकडा वाचून कोणताही अधिकारी कागद मिटून ठेवील. सहा बसचा हिशेब तो शेवटपर्यंत वाचेल.

केंद्राची पीएम-ई-बस सेवा योजना १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झाली. ३ लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी १०,००० विजेवरच्या बस, ५७,६१३ कोटींचा अंदाजित खर्च, त्यात केंद्राचे २०,००० कोटी आणि संचलनाला १० वर्षे साहाय्य, असे तिचे स्वरूप आहे. सोलापूर या योजनेत आहे. बस खाजगी कंत्राटदार आणतो आणि चालवतो, महापालिका त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवते. केंद्राचे साहाय्य ९ मीटरच्या बससाठी किलोमीटरला २२ रुपये आहे.

हिशेबासाठी एकूण खर्च किलोमीटरला ७० रुपये गृहीत धरला. ९८४ किलोमीटरचे दिवसाला ६८,८८० रुपये. त्यातून केंद्राचे २१,६४८ वजा केले की ४७,२३२ रुपये तिकिटातून यायला हवेत. सरासरी तिकीट १५ रुपये धरले तर दिवसाला सुमारे ३,१५० प्रवासी लागतात. जाणारा माणूस परतही येतो, म्हणजे साधारण १,५७५ माणसे. पहिल्या टप्प्यातली सगळी घरे भरली तर दर दहा घरांमागे जेमतेम एकापेक्षा थोडी अधिक. गोदूताई परुळेकर वसाहत, रुग्णालय आणि औद्योगिक वसाहत यांचे प्रवासी यात धरलेलेच नाहीत. पहिल्या वर्षी एवढे प्रवासी मिळतील असे मी मानत नाही. नव्या बसवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात घर बदललेल्या माणसाने जुनी दुचाकी घेतलेली असते. म्हणून पहिल्या १८ महिन्यांची तूट वेगळी दाखवली आहे, आणि त्या काळात ‘ईपीके (दर किलोमीटरमागचे उत्पन्न) कमी’ या कारणावरून फेऱ्या कमी करू नयेत अशी अट सुचवली आहे. फेऱ्या कमी केल्या की प्रवासी कमी होतात, प्रवासी कमी झाले की आणखी फेऱ्या कमी होतात; सेवा बंद पडण्याचा हा ठरलेला रस्ता काकांनी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिलेला आहे.

१८ जुलै २०२४

काल आषाढी एकादशी झाली. या दिवसांत एस.टी.च्या गाड्या पंढरपूरच्या वारीसाठी जातात आणि नेहमीच्या मार्गांवर ओढाताण होते. तीन दिवसांनी गुरुपौर्णिमा आहे, तेव्हा अक्कलकोटची गर्दी. या निमित्ताने एस.टी.चा विषय पुन्हा निघाला.

एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आमच्या मार्गावरच्या प्रवाशांत निम्म्याहून अधिक महिला असणार. शहर बसचे पूर्ण भाडे आणि एस.टी.चे निम्मे भाडे शेजारी ठेवले, तर बाई थांब्यावर कोणाची वाट पाहील हे सांगायला सर्वेक्षण नको. यावर उपाय म्हणून आम्ही मासिक पासाचा दर असा सुचवला आहे की महिन्यात वीस दिवस ये-जा करणाऱ्या महिलेला तो एस.टी.च्या निम्म्या भाड्याच्या जवळपास पडावा. पास आठवड्याच्या हप्त्यानेही मिळावा, कारण विडीची मजुरी आठवड्याला हातात येते आणि महिन्याचे पैसे एकदम काढून देणे बहुतेकींना जमत नाही. गटातल्या दोघांना सवलतीचा बोजा महापालिकेवर टाकणे पटत नाही. मतभेद नोंदवून ठेवला आहे.

६ ऑगस्ट २०२४

थांब्यांची पाहणी पावसात केली, ते बरे झाले. पाणी कोठे साचते ते कळले.

वसाहतीचा थांबा महामार्गावर न ठेवता आत ठेवावा, यावर आज एकमत झाले. सोलापूर-अक्कलकोट हा राष्ट्रीय महामार्ग (१५० ई) आहे. मध्ये दुभाजक आहे आणि वाहने वेगात असतात. थांबा महामार्गावर ठेवला तर शहरातून परतणारी बाई एका बाजूला उतरेल आणि घर दुसऱ्या बाजूला असेल. संध्याकाळी अंधारात, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल घेऊन तिने चार मार्गिका ओलांडायच्या. दुभाजकाला जेथे वळण दिलेले असेल तेथपर्यंत ती चालत जाईल, असे नियोजनाच्या कागदावर लिहिता येते. ती जात नाही, दुभाजकावरून चढून जाते. बस आत नेल्याने प्रत्येक फेरीला काही मिनिटे जास्त लागतात आणि औद्योगिक वसाहतीतून चढणाऱ्याला तो वळसा निरर्थक वाटेल. तरीही तो घ्यावाच, अशी शिफारस आहे. वळशासह बारा किलोमीटर धरूनच हिशेब मांडलेला असल्याने वेळापत्रकाला धक्का लागत नाही.

बसच्या पायरीची उंचीही आज मोजपट्टीने समजून घेतली. शहरी बसच्या केंद्रीय मानकांत बसच्या तळाची उंची ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर आणि ९०० मिलिमीटर अशा तीन प्रकारची आहे. वसाहतीतल्या तीन महिलांना भरलेल्या पिशवीसह ओट्यावर चढून पाहायला सांगितले. ९०० च्या पातळीला पिशवी आधी वर ठेवावी लागते, मग कठडा धरून स्वतः चढावे लागते आणि तेवढ्यात मागचा माणूस खोळंबतो. बस पुरवताना ९०० मिलिमीटरची बस या मार्गावर देऊ नये, असे एक वाक्य आराखड्यात वाढवले.

थांब्यांवरील पाट्या मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही लिप्यांत असाव्यात. पहिल्या बसच्या वेळेला अंधार असतो, तेव्हा दिवा थांब्याच्या छतात हवा, रस्त्याच्या पलीकडच्या खांबावर नव्हे.

१३ सप्टेंबर २०२४

परवा, ११ सप्टेंबरला, केंद्रीय मंत्रिमंडळाने विजेवरच्या बससाठी देयक सुरक्षा योजना मंजूर केली. ३,४३५.३३ कोटी रुपयांचा हा निधी ३८,००० हून अधिक बससाठी आहे. महापालिकेने कंत्राटदाराचे पैसे वेळेवर दिले नाहीत तर निधीतून ते दिले जातील आणि नंतर संबंधितांकडून वसूल होतील. आमच्यासारख्या लहान मार्गाचा याच्याशी काय संबंध, असे गटातल्या एकाने विचारले. संबंध थेट आहे. ज्या शहराच्या परिवहन उपक्रमाची आर्थिक स्थिती नाजूक असते, तेथे कंत्राटदार एक तर निविदाच भरत नाही किंवा पैसे थकण्याची जोखीम दरात मिसळून किलोमीटरचा भाव वाढवतो. आमच्या हिशेबात किलोमीटरला एक रुपया वाढला तर दिवसाला ९८४ रुपये वाढतात. पंधराच्या तिकिटाने भागले तर आणखी सुमारे ६६ प्रवासी.

४ ऑक्टोबर २०२४

आराखडा आज महापालिका परिवहन आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय या दोन्ही ठिकाणी सादर केला आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला दिली. परिवहनच्या अधिकाऱ्यांनी वेळापत्रकाचा तक्ता बारकाईने वाचला आणि दुपारच्या तीन बसच्या चक्रात चालकांची ड्युटी कशी बदलणार, असे विचारले. आमच्याकडे उत्तर तयार होते : गर्दीच्या दोन पाळ्यांत विभागलेली ड्युटी टाळून, दुपारी चार्जिंगला जाणाऱ्या दोन बसवरच पाळी बदलायची. अधिकाऱ्यांनी त्यावर पेन्सिलीने खूण केली. विजेवरच्या बस हाती येईपर्यंत ही सेवा सुरू होणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

तोपर्यंतची तात्पुरती मागणी एस.टी.कडे स्वतंत्रपणे दिली आहे : पहाटे ५:३० आणि ६:०० वाजता वसाहतीतून सुटणाऱ्या दोन फेऱ्या, त्याही आतून. काकांचे म्हणणे असे की आधी एस.टी.ची सवय लागली की नंतर शहर बसला प्रवासी मिळणार नाहीत. मला उलट वाटते. ठरल्या वेळेला बस येते याची सवय एकदा लागली, की ती कोणत्या रंगाची आहे हे लोक पाहत नाहीत.

१६ ऑक्टोबर २०२४

विधानसभा निवडणुकीची घोषणा काल झाली आणि आचारसंहिता पुन्हा लागू आहे. मतदान २० नोव्हेंबरला. प्रस्ताव आचारसंहितेपूर्वी दाखल झाल्याने त्याची छाननी थांबायचे कारण नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. ग्रामपंचायतीकडून टोकाच्या थांब्याच्या जागेबाबतचे पत्र यायचे आहे. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यानंतरच्या धावण्याच्या वेळा पुन्हा मोजायला २१ ऑक्टोबरपासून सुरुवात करायची आहे. दिवाळीचा आठवडा त्यातून वगळला आहे.